एकट्यासाठी लिहिलेलं गाणं तिघांनी म्हटलं तेव्हा

एका गाण्यात तीन-चार रॅपर आले की श्रोत्यांमधला पहिला वाद ठरलेला असतो: बाजी कोणी मारली? रॅप चढाओढीतच वाढलेला, त्यामुळे या वादात गैर काही नाही, आणि घालायला मजाही येते. पण काही गाण्यांना ही मोजपट्टी लावली की गाणं बाजूलाच राहतं. टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहराच्या गेटो बॉईज या त्रिकुटाचं १९९१ सालचं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' हे त्यातलंच एक.

ते अभ्यासाला घ्यायचं कारण त्याची जन्मकथा. त्रिकुटातल्या स्कारफेसने हे गाणं मुळात स्वतःच्या एकल अल्बमसाठी लिहायला घेतलं होतं. गटाची गाणी काढणाऱ्या रॅप-ए-लॉट रेकॉर्ड्स या कंपनीचे मालक जे. प्रिन्स यांनी ते गटाचं गाणं करायचं ठरवलं. विषय काय, तर रात्रभर झोप न लागणाऱ्या, सावलीलाही घाबरणाऱ्या माणसाचं एकटेपण. आणि ते आता तिघांनी मिळून म्हणायचं! कागदावर हा निर्णय धंद्याचा वाटतो, आणि बहुधा होताही.

त्यातून चार कडवी उभी राहिली. पहिलं आणि तिसरं स्कारफेसचं, दुसरं विली डीचं, चौथं बुशविक बिलच्या आवाजात. मात्र हे चौथं कडवंही लिहिलंय स्कारफेसनेच. या वाटणीने गाण्याचं भलं झालं की वाटोळं, हा या प्रकरणाचा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाण्यात जो अंधार आहे तो शब्दांत जेवढा आहे, त्याहून जास्त या वाटणीत आहे.

गटाची ख्याती

त्या काळी रॅपच्या दोन राजधान्या होत्या, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस. ह्यूस्टनकडे कोणी फारसं बघत नव्हतं. गेटो बॉईजनी लक्ष वेधलं ते धक्का देऊन. खून, अत्याचार, भयपटात शोभतील अशी वर्णनं, सगळं तोंड भरून. १९९० मध्ये रिक रुबिन यांच्या डेफ अमेरिकन या कंपनीने त्यांचा अल्बम काढायला घेतला, तेव्हा गेफन रेकॉर्ड्सने तो बाजारात पोहोचवायला सरळ नकार दिला. तो नकारही पुढे त्यांची जाहिरातच ठरला.

त्यानंतरचा अल्बम म्हणजे जुलै १९९१ मधला 'वी कान्ट बी स्टॉप्ड', आणि त्यातच हे गाणं आहे. त्याच्या काही आठवडे आधी बुशविक बिलने गोळी लागून एक डोळा गमावला होता. मुखपृष्ठावर तो रुग्णालयातल्या स्ट्रेचरवर आहे आणि बाजूला दोघे साथीदार उभे आहेत. हा फोटो म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा, असं मला आजही वाटतं. गाणं त्या घटनेवर नाही, पण एकदा ते मुखपृष्ठ पाहिलं की बिलचं कडवं कोऱ्या कानाने ऐकता येत नाही.

तर, लोकांना घाबरवायचं दुकान मांडलेल्या या गटाने अचानक एक गाणं काढलं ज्यात घाबरलेले तेच आहेत. ते बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, मुख्य यादीत २३व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. गाऊन म्हणायला एक ओळही नसलेल्या, वेड लागण्याच्या भीतीवरच्या गाण्याने एवढी मजल मारली.

खालचं संगीत

बीट, म्हणजे शब्दांखाली वाजत राहणारं संगीत, ज्यावर उभी आहे तो तुकडा संगीतकार आयझॅक हेज यांच्या 'हंग अप ऑन माय बेबी' या वाद्यरचनेतला. १९७४ च्या 'थ्री टफ गाईज' या चित्रपटासाठी त्यांनी केलेल्या संगीतात ती आहे. गिटारची एक रेंगाळणारी, गोड, जराशी उदास ओळ. ती एकटी ऐकवली तर कोणाला भीती वाटणार नाही. उलट संध्याकाळी गाडी चालवताना लावावी अशी ती आहे.

डार्क म्हटल्या जाणाऱ्या रॅपमध्ये एक सोपी पळवाट असते. पियानोचे खालचे सूर, लांबून येणारी घंटा, पावसाचा आवाज टाकला की वातावरण तयार, मग शब्द कसेही असोत. इथे तसलं काही नाही. सांगणारा नाकातून रक्त येतंय म्हणतो तेव्हाही गिटार तशीच, आणि आईचं नाव काढतो तेव्हाही तशीच. बीट त्याच्या भीतीला दुजोरा देत नाही. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत काहीतरी बिघडलंय, ही गोष्ट एक शब्दही खर्च न करता ऐकणाऱ्याला कळते. शिवाय लूप म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा. रात्री तीन वाजता डोक्यात एकच विचार फिरत राहावा तसा तो फिरतो, आणि कडवी संपली तरी थांबत नाही.

पहिली दोन कडवी

स्कारफेस सुरुवातीला जवळजवळ बोलतोच. चार कोपऱ्यांच्या खोलीत एकटा बसलोय, मेणबत्त्यांकडे बघत. मग बीट पकडून एकेक तपशील ठेवत जातो. झोप नाही. डोळे मिटले की घाम फुटतो. आई म्हणते, तुझं लक्षण काही ठीक नाही. दर वीस सेकंदांनी तो खिडकीतून डोकावतो, फोनवर कोणी कान ठेवून आहे का ते तपासतो. आवाज कुठेही चढत नाही. जड आवाजात, घाई न करता, हवामान सांगावं तसं तो हे सांगतो.

याच कडव्यात तो माणूस येतो. पांघरुणात असताना दिसतो, जाग आली की नाहीसा. त्याच्याकडे काळी टोपी आहे, माझ्याकडे आहे तशी. काळा सूट आहे. हातात काठी आहे, तीही माझ्याचसारखी. एवढं सांगून स्कारफेस पुढे जातो. पाठलाग करणारा म्हणजे मीच, असं तो म्हणत नाही. कमी कुवतीच्या लेखकाने इथे थांबून ते फोडून सांगितलं असतं, आणि कडवं तिथेच मेलं असतं.

विली डी आला की खोलीचं दार उघडून आपण रस्त्यावर येतो. त्याच्याकडे पैसा आहे, मोठ्या गाड्या आहेत, सिनेमातल्या हिरोसारखं सगळे ओळखतात. फक्त रात्री मागच्या गाडीचे दिवे सुटत नाहीत. कोण असेल? नाक्यावरून हुसकावलेला तो? गेल्या आठवड्यात ज्याला गोळी घातली तो? की ज्याच्याकडून पाच हजार डॉलर घेऊन कोकेन म्हणून गोल्ड मेडलचं पीठ टेकवलं तो? संशयितांची यादी म्हणून सुरू झालेली ही ओळ संपेपर्यंत त्याच्याच कृत्यांचा कबुलीजबाब होऊन बसते, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. पिठाचा ब्रँड सांगणं ही खास विली डीची करामत. इतक्या घाबरलेल्या माणसालाही आपल्या चलाखीची फुशारकी मारल्याशिवाय राहवत नाही.

मग तो डावीकडे वळून पॉपाइज या फास्टफूडच्या दुकानाच्या आवारात गाडी घालतो, उतरतो, बोट ट्रिगरवर. आणि समोर येतात तीन म्हातारे: आंधळे, अपंग, भ्रमिष्ट. इथे ऐकणारा हसतो, तो स्वतःच म्हणतो की हसू येईल. पण जरा थांबून विचार करा. आंधळी माणसं, तर गाडी चालवत कोण होतं? भास संपून खरं काय ते दिसलं, असं कडवं सांगतंय, आणि जे खरं म्हणून दाखवलंय तेच अशक्य आहे. हे विली डीने मुद्दाम केलं की विनोदाच्या ओघात झालं, याने फरक पडत नाही. पाय टेकवायला म्हणून दिलेली जमीनसुद्धा पोकळ निघते.

'कोणी बाजी मारली' वाल्यांच्या निकालात हे कडवं बहुतेकदा शेवटचं येतं. स्कारफेससारखी खोली नाही, बिलसारखा धक्का नाही. मला हा निकाल पटत नाही. विली डीने स्कारफेसचाच सूर ओढला असता तर दुसऱ्या कडव्यातच कान बधिर झाले असते. त्याने हसवलं म्हणून पुढचं कडवं लागतं. आणि कडव्याच्या शेवटी तो सहज एक गोष्ट बोलून जातो: मी जाईन तिथे माझी पोरं, म्हणजे साथीदार, सोबत नेतो, कारण मला भीती वाटते. हे लक्षात ठेवायचं.

तिसरं

पुन्हा स्कारफेस, पण या वेळी पाठलाग करणारा कोणीच नाही. हात थरथरतात. विकणारा मी, पण नशा मीच करतोय असं वाटतं. दर रविवारी चर्चमध्ये जाऊन क्षमा मागतो आणि या धंद्यातून बाहेर पडायची वाट शोधतो. गाडी चालवता चालवता मन भरकटतं, स्वतःला संपवावं असा विचार येतो, आणि पुढच्याच ओळीत तो विचार झटकला जातो, कारण घरी लहान मुलगा आहे. एक बाई होती, साथ देत होती, तीही आपल्यावर टपून आहे असं याला वाटत राहिलं. ती आईकडे निघून गेली. आपलं तिच्यावर प्रेम होतं, हे आता कळतंय.

चारांतलं हे सगळ्यात कमी नाट्यमय कडवं, आणि मला सगळ्यात जड जाणारं. भीतीला निदान कोणीतरी समोर लागतो. इथे समोर कोणी उरलेलंच नाही. स्कारफेस, म्हणजे ब्रॅड जॉर्डन, याने २०१५ च्या आत्मचरित्रात किशोरवयातल्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल आणि मनोरुग्णालयात काढलेल्या काळाबद्दल मोकळेपणी लिहिलं आहे. ते वाचलं नसेल तरी कडवं कळतं. वाचल्यावर एवढंच जाणवतं की विशीतल्या पोराने हे रंगवून सांगायचा मोह कसा टाळला असेल.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या बाईबद्दल प्रेमाची कबुली देण्याच्या दोनच ओळी आधी तो तिला शिवी हासडतो. या गाण्यात ती शिवी उलटून त्याच्यावरच येते, असं म्हणता येईल, आणि मी तसं ऐकतो. पण हा बचाव अल्बममधल्या बाकीच्या गाण्यांना लागू करायला मी तयार नाही. तिथे बायकांविषयी जे बोललंय ते कुठेच उलटत नाही, नुसतं साचतं. या एका गाण्याला थोर म्हणायचं तर बाकीच्याला पदराखाली घ्यावं लागत नाही.

चौथं, आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती देणं

आता बिल. यंदा हॅलोविन (भुतांची सोंगं घेऊन मुलं घरोघरी खाऊ मागतात तो सण) शनिवार-रविवारी आलाय, मी आणि गेटो बॉईज बाहेर पडलोय, लहान मुलांच्या पिशव्या हिसकावतोय. मागे कोणीतरी लागतो. हे पाय उचलतात, वळून बघतात, तर तो थेट तोंडासमोर. सहा-सात फूट उंच. बिल म्हणतो, झोपेत दिसतो तो हाच. तिघे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. जितका जोरात मारतो तितकं रक्त उडतं. आणि मग तो माणूस नाहीसा होतो.

सोबतची पोरंही नाहीशी होतात.

अंधारा रस्ता, काँक्रीटवर बुक्के मारून रक्ताळलेले हात, आणि हॅलोविनचा तर जवळपास पत्ताही नाही. (कॅलेंडर पाहिलं तर १९९० मध्ये हॅलोविन बुधवारी होता, १९९१ मध्ये गुरुवारी. 'वीकेंड' बहुधा यमकासाठी आला असेल. पण कडव्याची पहिलीच माहिती खोटी निघावी, हा योगायोग मला सोडवत नाही.)

बुशविक बिल चार फुटांहून बुटका होता. गटाच्या जुन्या गाण्यांत सगळ्यात खुनशी पात्रं त्याच्याच वाट्याला यायची. त्याच माणसाच्या तोंडी सात फुटी हल्लेखोर देणं, ही स्कारफेसने केलेली पात्रनिवड आहे. तेच शब्द स्कारफेसच्या संथ, जड आवाजात आले असते तर एक मारामारीचा किस्सा झाला असता. बिलचा आवाज वर चढतो, धाप लागल्यासारखा धावतो, एक ओळ संपायच्या आत दुसरी पकडतो. म्हणून शेवटचं थांबणं अंगावर येतं.

रॅपमध्ये दुसऱ्याने लिहिलेलं म्हणणं हा कमीपणा मानतात. ज्याचं तोंड त्याचीच लेखणी, हा अलिखित कायदा. इथे तो मोडलाय, आणि मोडल्यामुळेच पहिल्या कडव्यात पांघरुणातून दिसणारा माणूस आणि चौथ्यात 'झोपेत दिसतो तो' असं म्हटलेला माणूस यांच्यात धागा जुळतो. पहिल्या कडव्यात तो आपल्याच मापाचा होता, टोपी-काठीसकट. शेवटी तो सात फुटांचा झालाय. भास एकाच्या डोक्यातून निघून दुसऱ्याच्या डोक्यात शिरला, असं सहज ऐकू येतं. लिहिणारा एक, म्हणणारा वेगळा, म्हणूनच हे जमलं. याचं श्रेय अर्धं लेखकाला आणि अर्धं बिलला. दुसऱ्याचे शब्द स्वतःचे वाटावेत असे म्हणणं, हे लिहिण्याइतकंच अवघड.

आता विली डीची ती पोरं आठवा. भीती वाटते म्हणून सोबत नेली जाणारी. चौथ्या कडव्यात पोरं म्हणजे नाव घेऊन गेटो बॉईजच आहेत, म्हणजे आपण आतापर्यंत ज्यांना ऐकत होतो तेच दोन आवाज. भीतीवरचा एकमेव उपाय म्हणून दिलेली सोबत गाणं काढून घेतं. आणि ऐकणारा मागे जाऊन विचारू लागतो: ती पहिली तीन कडवी कोण म्हणत होतं मग? काँक्रीटवर बुक्के मारणारा एकटाच असेल, तर ते दोघे होते तरी का? तिघांनी मिळून म्हटलेलं गाणं शेवटच्या काही ओळींत स्वतःचं त्रिकूटच पुसून टाकतं.

हे एकल गाण्यात घडू शकत नाही. तिथे पोरं नाहीशी झाली असं रॅपर म्हणू शकतो, पण ऐकणाऱ्याने ती पोरं कधी ऐकलेलीच नसतात.

क्रम बदलून पाहिला तर

ही कडवी मनातल्या मनात इकडची तिकडे करून पाहण्यासारखी आहेत. बिलचं दुसऱ्या जागी नेलं तर त्यानंतर विली डी पोरं सोबत नेतो म्हणतो ते हास्यास्पद होतं, कारण ती आधीच गेलेली. तिसरं शेवटी ठेवलं तर चर्च, मुलगा, हरवलेली बाई यांच्यावर गाणं संपतं आणि पश्चात्तापाचं गाणं होतं. ते वाईट झालं नसतं. फक्त ऐकणाऱ्याला त्यातून सुटका मिळाली असती, आणि आत्ताच्या क्रमात ती मिळत नाही. विली डीला आधी आणून पहिलं कडवं त्याच्या मागे ठेवलं तर विनोद आधी आणि खोली नंतर असं होतं, आणि मेणबत्त्यांचा तो बंद खोलीतला आरंभ वाया जातो.

म्हणून अशा गाण्यात कोणाचं कडवं भारी, याआधी मी हे बघतो की पुढच्याने मागच्याकडून काय उचललं. बरीच गाजलेली 'पॉसी कट', म्हणजे एकामागून एक अनेक रॅपर येणारी, गाणी या कसोटीवर उताणी पडतात. पाच धुरंधर, पाच झकास कडवी, आणि एकाने दुसऱ्याचं ऐकलंय याचा कुठे पुरावा नाही. आजकाल तर जो तो आपापल्या स्टुडिओतून फाइल पाठवतो, त्यामुळे हे वाढलंय. त्यातही काही कडवी ऐकण्यासारखी असतातच, पण मग तो रॅपचा नमुनासंग्रह झाला.

पुढे काय झालं

या प्रकरणात एक सोय अशी की तुलनेला पुरावा हाताशी आहे. स्कारफेसचा पहिला एकल अल्बम 'मिस्टर स्कारफेस इज बॅक' त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला, आणि त्यात वेडाच्या कडेला उभ्या माणसाची गाणी आहेतच. पण खरी तुलना १९९४ ची. 'द डायरी' या अल्बमवर त्याने 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ९४' म्हणून हाच विषय पुन्हा घेतला, आणि या वेळी एकट्याने.

म्हणजे जे. प्रिन्स यांनी अडवलेलं एकल गाणं तीन वर्षांनी, एका अर्थाने, बाहेर आलं. तोवर स्कारफेसची कारागिरी वाढलेली होती. शब्द अधिक घोटीव आहेत, आवाज अधिक मुरलेला. अल्बम तर त्याच्या उत्तम अल्बमांत मोजतात, मीही मोजतो. पण हे गाणं ऐकताना मला सारखं जुनं आठवत राहतं. नव्या गाण्यात माणूस सुरुवातीला एकटा आहे आणि शेवटीही एकटाच. जुन्यात तो तिघांतून एकटा होतो, आणि ते व्हायला त्याला विली डीचं हसू आणि बिलची धाप लागली होती.